निमोण्यातला दिवा

आई,

परवाच्या रविवारी मी निमोण्याला जाऊन आप्पांचा दिवा उघडला. तुला हा दिवा माहीत नाही. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा आपल्या घरात एक ट्यूब होती, दोन पिवळे बल्ब होते आणि आप्पांना ऐकू येत होतं. त्यामुळे आधी थोडं मागचं सांगावं लागेल. मी पत्रं लिहीत नाही. शिफ्ट संपताना लॉगबुकात लिहायची सवय आहे, तेव्हा हेही तसंच लिहिते.

आप्पांनी कुरकुंभच्या कंपनीत ब्लोअरच्या, कानठळ्या बसवणाऱ्या खोलीत चोवीस वर्षं काढली, हे तुला माहीत आहे. टीव्हीचा आवाज ते वाढवायचे आणि तू स्वयंपाकघरातून म्हणायचीस, "गावाला ऐकवतायसा का बातम्या?" ती सुरुवात होती, हे तेव्हा आपल्याला कळलं नाही. आता समोर उभं राहून, तोंड नीट उघडून बोललं तरच त्यांना कळतं, तेही ओठ बघून. कानाचं मशीन आणलं होतं. "आत शिट्टी वाजती, पाखरू कोंडल्यावानी," म्हणाले आणि डब्यात ठेवून दिलं. दादा पुण्यात आहे, मी दौंडला. आप्पा निमोण्यात एकटे राहतात, घर आणि अकरा मेंढ्या सांभाळून. आता दहा.

दिवा मी आणला, तीन वर्षांपूर्वी. मेजावर ठेवायचा, वाय-फायवर चालणारा, रंग बदलणारा. बाहेरच्या दाराशी एक बटण बसवलं आणि रस्त्यापलीकडच्या मेंढवाड्याच्या फाटकाला दुसरं. दारावर कुणी आलं की दिवा लाल उघडझाप करायचा, फाटक हललं की निळी. तू म्हणाली असतीस की एवढ्यासाठी सरळ वायर ओढायची आणि बल्ब लावायचा. ओढली होती. उसाच्या ट्रॅक्टरनं ती दोनदा तोडली, मग हा मार्ग काढला. फक्त एक गोष्ट मला आवडत नव्हती. बटण आणि दिवा यांच्यात चार पावलांचं अंतर, पण निरोप आधी त्या दिवा बनवणाऱ्या कंपनीच्या कुठल्यातरी लांबच्या कॉम्प्युटरवर जायचा आणि तिथून परत यायचा. मला ते माहीत होतं आणि मी ते तसंच चालू दिलं. मागच्या महिन्यात कंपनीने ती सेवा बंद केली. दिवा लागायचा, पांढरा, साधा. उघडझाप बंद झाली. आप्पांना वाटलं कुणी येत नाही.

त्याच आठवड्यात संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला शेजारच्या काकूंना मेंढवाड्याच्या कडेला, उसाच्या तोंडाशी, बिबट्या बसलेला दिसला. त्या धावत आपल्या दाराशी आल्या आणि बटण दाबत राहिल्या. आप्पा आत भाकरी भाजत होते, दाराकडे पाठ करून. काकूंनी पत्र्यावर दगड मारला, हाका मारल्या. आतून कडी होती. माणसं जमेपर्यंत एक मेंढी गेली होती. आप्पांना कळलं ते खिडकीतून कुणीतरी काठी आत घालून त्यांच्या खांद्याला टोचली तेव्हा.

दादा दुसऱ्या दिवशी आला. अंगणात उभा राहून त्याने सगळं ठरवूनच टाकलं. मला फोनवर सांगितलं, "मेंढ्या इकू. आप्पांना तू दौंडला ने."

मी म्हणाले, "तुझ्याकडे का नाही?"

"माझ्याकडं चौथा मजला, लिफ्ट न्हाई. हॉलमध्ये पोरांचं आथरून, पोरांचा अभ्यास. तुझ्याकडं दोन खोल्या हायत, तळमजला हाय, तू एकटीच."

"मी शिफ्टला असते."

"मग? शिफ्ट संपल्यावर येतीसच की घरी."

आप्पांनाही त्याने विचारलं, म्हणजे तोंडासमोर उभं राहून सांगितलं. आप्पा म्हणाले, "लेकीच्या दारात जाऊन बसू व्हय? मला कुठं न्हेऊ नगा." हे मला दादानेच सांगितलं. दादाचं म्हणणं, म्हातारी माणसं असंच म्हणतात, चार दिवसांत रुळतील. मी म्हणाले, दिवा दुरुस्त करून बघते, मला एक रविवार दे. तो म्हणाला, नवा आण की. नवाही असाच एक दिवस बंद पडेल, हे त्याला समजावण्यात मी वेळ घालवला नाही. "बघ मग," तो म्हणाला. "न्हाई झाला तर पुढच्या रविवारी मी गाडी घिऊन येतोय."

माझ्या दोन खोल्या स्टेशनच्या मागच्या अंगाला आहेत. तू त्या पाहिलेल्या नाहीत. कामावरून आले की मी किल्ली खिळ्याला लावते, हातपाय धुते, आणि पुढच्या शिफ्टपर्यंत बहुधा एकही शब्द बोलत नाही. मला त्यात सुख वाटतं असं म्हणणार नाही. ती एक मांडणी आहे आणि ती जमलेली आहे. आप्पा मोठ्यानं बोलतात, कारण त्यांचा आवाज त्यांना कळत नाही. भांडी जोरात ठेवतात. समोर कुणी असलं की त्यांना सतत तोंड बघावं लागतं, म्हणजे समोरच्याने सतत तोंड दाखवावं लागतं. मी हे सगळं बसमध्ये खिडकीशी बसून मोजलं. रागाने नाही. कुठलं मशीन कुठं बसेल हे मोजतात तसं.

रविवारी दहाच्या सुमाराला मी अंगणात पोतं अंथरून बसले. दिव्याचा वरचा दुधी कप सुरीने सोडवला, चार स्क्रू काढले, आणि आतलं बोर्ड बाहेर घेतलं. प्लग काढून मांडीखाली घेतला. कामावर आमच्याकडे नियम आहे: ज्याच्यावर काम करायचं त्याच्या स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. घरात कुलूप कुठलं लावणार, म्हणून मांडीखाली. या दिव्यांमध्ये लाइनचा करंट थेट बोर्डावर आलेला असतो. लॅपटॉप जोडलेला असताना कुणी सहज प्लग लावला तर लॅपटॉप जाईल, आणि माझा हातही. आप्पा समोर उंबऱ्यावर बसले होते.

"काय सोलतीयास?"

"दिवा," मी तोंड उघडून म्हणाले.

"कोंबडीवानी?"

काकू भिंतीपलीकडून आल्या. "आगं, सुट्टीच्या दिवशी पोरी नटून बाजाराला जात्यात. तू बल्बाचं पोट फाडाय बसलीस."

"त्या दिवशी तुम्हीच बटण दाबलंत ना?"

"दाबलं म्हंजी? दाबून दाबून बोट सुजलं माजं. दिवा आपला ढिम्म."

आप्पांनी त्यांचं तोंड बघून विचारलं, "काय म्हनती?" मी बोट दाखवलं, बटणाकडे दाखवलं. त्यांना कळलं. "तिला म्हनावं, बोटापरास पत्र्यावर धोंडा हानायचा."

"हानला की," काकू म्हणाल्या. "पत्र्याला भोक पडलं, ह्ये न्हाई उठलं."

आप्पांना एवढं लांब वाक्य ओठांवरून कळलं नसावं, पण ते हसले. त्या आल्या की ते हसतात.

बोर्डावर नखाएवढी एक चिप असते, सगळं डोकं तिच्यात. तिच्यातला कंपनीचा प्रोग्राम पुसून आपला भरायचा, म्हणजे बटणाचा निरोप घरातल्या घरात दिव्यापर्यंत जाईल आणि पुन्हा कुणी तो दुरून बंद करू शकणार नाही. त्यासाठी चिपला पाच तारा जोडाव्या लागतात. एक तीन पॉइंट तीन व्होल्टची, एक ग्राउंडची. चिपच्या पाठवणाऱ्या पायाची, म्हणजे पिनची, तार लॅपटॉपच्या बाजूच्या घेणाऱ्या पायाला, आणि घेणाऱ्याची पाठवणाऱ्याला. पाचवी तार ज्या पायाला असते तो पॉवर देण्याच्या क्षणी ग्राउंडला टेकवून धरायचा. धरला तर चिप नवा प्रोग्राम घ्यायला तयार होते. नाही धरला तर जुनाच चालवत राहते. मी नेलेल्या तारा जाड निघाल्या. पहिलीच जोडताना बोर्डावरचा एक तांब्याचा ठिपका उखडायला आला. बारीक तार हवी होती. ओट्याखालच्या बिस्किटाच्या डब्यात तुझं रीळ होतं, पंख्याच्या तारेचं, छत्तीस गेज, केसासारखी बारीक. आप्पांनी डबा टाकलेला नाही. टाकायचा असतो हे त्यांच्या लक्षात आलं नसेल, एवढंच असेल.

तुझं ते दुकान मला अजून नीट आठवतं. शिरूरच्या बाजारपेठेत, पुढे मालक गिऱ्हाइकांशी बोलतायत, आणि मागे पडद्याआड तू पंख्यांच्या कॉइली गुंडाळायच्या हातमशीनच्या मुठीशी. चैत्र आला की पंख्यांचा ढीग लागलेला. मशीनवरचा आकडे दाखवणारा काटा कधीचा मोडलेला होता आणि तो कुणी बदलला नाही, कारण तू तोंडाने मोजायचीस आणि चुकायची नाहीस. एका कॉइलला चारशे वेढे. मोजताना तुला हाक मारायची नाही, हे आम्ही दोघं बोलायला शिकलो तेव्हाच शिकलो असू. मी दहा वर्षांची आहे. शाळा सुटल्यावर एसटी स्टँडच्या पत्र्याला हात लागून तळवा चिरलाय. मी पडद्याशी उभी राहते आणि म्हणते, "आई." तू वर बघत नाहीस. डावा हात उचलतेस, थांब म्हणून. "दोनशे अकरा, दोनशे बारा." रक्त कोपरापर्यंत आलंय. मालक म्हणतात, "अहो बाई, पोरीचा हात तरी बघा." तू मोजत राहतेस. मूठ फिरवायचा वेग कमी नाही, जास्त नाही. मीही तुझ्याबरोबर मनात मोजते. चारशेला तू दोऱ्याने कॉइल बांधलीस, टोकं पिळलीस, आणि मग उठून माझा हात माठाच्या पाण्याने धुतलास. कॉइलवर गुंडाळायची पांढरी पट्टी असते, तीच बांधलीस. "मधी सोडलं आस्तं तर समदं उलगडाय लागलं आस्तं," म्हणालीस. "हात काय, भरतोय." हात भरला. व्रण आहे, बारीक. मी ही गोष्ट कुणाला तक्रार म्हणून सांगितलेली नाही. कामावर मी मीटर बघत असताना कुणी हाक मारली तर माझा डावा हात तसाच वर जातो, हे मला एका ऑपरेटरने दाखवून दिलं. "मॅडम, तुमी ट्राफिक पोलीस हाय का?" म्हणाला. बाकीचे हसले. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते शोधावं लागलं.

पाबळला शिकायला निघाले तेव्हा तू मला तुझा कटर दिलास, लाल मुठीचा. नवा घेऊन दे, मी म्हणाले होते. तू म्हणालीस, नव्याला धार असती, पण सवय नसती. त्याच कटरने परवा तुझ्या रिळाची तार कापली. पाच तुकडे, वीतभर. सोल्डर केले. दिसायला काम चांगलं झालं होतं, पाच गोल चमकते ठिपके. तारा आणि लॅपटॉप यांच्यामधला अडॅप्टर जोडला, पाचवी तार ग्राउंडला धरली, पॉवर दिली. लॅपटॉपवर ठिपक्यामागून ठिपका उमटत गेला आणि शेवटी एक ओळ आली की समोरून उत्तर नाही. पाठवणारी-घेणारी उलटी करून पाहिली. उत्तर नाही. केबल बदलली. उत्तर नाही. काकू म्हणाल्या, "मेला वाटतं." आप्पा माझ्याकडे बघत होते, दिव्याकडे नाही.

मग मीटर घेतला, जो आधी घ्यायला हवा होता. अडॅप्टरशी तीन पॉइंट तीन, चिपशी शून्य. तारेच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर मीटर लावला. वाजला नाही, म्हणजे करंट पलीकडे पोचतच नव्हता. मी ती तार उन्हात धरली. पंख्याच्या तारेवर करंट अडवणारं वार्निश असतं, आणि ते तांब्याच्याच रंगाचं असतं. मी ते सोललंच नव्हतं. सोल्डर वार्निशवर टोपीसारखं बसलं होतं. पदवी, सात वर्षांची नोकरी, आणि हे. आमच्याकडे तारांना प्लास्टिक असतं, लाल, काळं. सोललेलं-न सोललेलं लांबून दिसतं, त्यामुळे डोळे तेवढंच बघायला शिकतात. मी बारा वर्षांची असताना दुकानात पहिल्यांदा दोन टोकं जोडली, तेव्हा तू ती माझ्या हातातून ओढून घेतली होतीस. "डोळं कुठं हायत तुजं? वरनं जोडल्यावानी दिसतंय, आत कायबी पोचंना." मालकांसमोर म्हणालीस. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते आणि तुझ्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही.

मी आत जाऊन पॉलिश पेपर शोधून आणला. तू करायचीस तसं केलं: पेपराची घडी, घडीत तारेचं टोक, चिमटीत दाबून तीनदा ओढायचं, प्रत्येक वेळी थोडं फिरवून. दहा टोकं. काकू माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुजी आई आशीच वढायची बग." मी मान हलवली आणि पुढचं टोक घेतलं. नव्याने सोल्डर केलं, प्रत्येक तार मीटरवर वाजवून घेतली. या वेळी चिपने उत्तर दिलं.

आधी तिच्यातला जुना प्रोग्राम वाचून लॅपटॉपवर ठेवला. तो बिनकामाचा आहे, तरी ठेवतात. मग नवा भरायची आज्ञा लिहिली, आणि एंटर दाबायच्या आधी थोडा वेळ गेला. चिप जळली, असं मी म्हणू शकत होते. तिथं तपासणारं कुणी नव्हतं. दादा पुढच्या रविवारी गाडी घेऊन आला असता, आणि दुसऱ्या खोलीतली इस्त्रीची जागा मी हलवली असती. पण मी दुरुस्त होणारी वस्तू बिघडलेली म्हणून नोंदवत नाही. स्वतःला मी हे असंच सांगितलं, याच शब्दांत. एंटर दाबलं. आकडा चढत शंभरला गेला. तारा काढल्या, स्क्रू लावले, कप बसवला आणि मगच मांडीखालून प्लग काढला.

दिवा पांढरा लागला. मी आप्पांना आत बसवलं, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं. दार उघडलं तर आप्पा समोर. "कोन हाय?" म्हणाले, आणि मला बघून, "तू व्हय. ये." मागे दिवा लाल उघडझाप करत होता. मग काकूंना मेंढवाड्याकडे पाठवलं. त्यांनी फाटक हलवलं आणि इकडे दिवा निळा झाला. त्या परत येऊन आप्पांच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "झालं. आता तुमाला हितनं कोन हालवत न्हाई."

आप्पांनी त्यांचे ओठ शेवटपर्यंत पाहिले. "न्हाई," म्हणाले. "आता कशाला." आणि मेंढ्यांना पाणी दाखवायला गेले.

दादाला फोन केला. "झालं," मी म्हणाले.

"चालतोय?"

"दोन्ही दारं. आता बाहेरच्या कुणावर अवलंबून नाही."

"बरं केलंस. त्यांच्या मनासारखं झालं."

"हं."

"मी जरा घाईच केली. तुला जास्त कळतं त्यांचं."

परत येताना एसटीच्या थांब्यावर गावातल्या दोघीतिघी भेटल्या. काकूंनी तोवर सगळीकडे सांगितलं होतं. लेकीनं बापाचं घर राखलं, असं त्या म्हणाल्या. एकीने माझा हात हातात घेतला. मी बस येईपर्यंत तो तसाच राहू दिला. दौंडला उतरले, किल्ली खिळ्याला लावली. पुढच्या शिफ्टपर्यंत वेळ होता. झोप लागली. नेहमीसारखी लागली.

हे कुणाला पाठवायचं नाही, तुला तर नाहीच, म्हणून पुढचं लिहिते. पॉलिश पेपर आतल्या खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर होता. खालच्या फळीवर आप्पांची मोठी कापडी पिशवी भरून ठेवलेली होती, तोंड सुतळीने बांधलेलं. मी गाठ सोडली. दोन सदरे, दोन पायजमे, टॉवेल, दाढीचं सामान, बीपीच्या गोळ्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं त्यांचं ताट, वाटी आणि तांब्या. माणूस लेकीच्या घरी राहायला जाताना आपलं ताट घेऊन जातो, तसं. आणि तळाशी पीठ नाही, बाजरीच होती, सहा-सात किलो, दळून तिथंच घेऊ अशा बेताने. मी मूठभर हातावर घेऊन पाहिली. निवडलेली होती. एक खडा नव्हता. त्यांना जवळचं नीट दिसत नाही. ताटात थोडी थोडी घेऊन, बोटाने चाचपून निवडली असेल. तीनचार दिवस सहज गेले असतील त्यात.

मी मूठ परत आत सोडली, सुतळीची गाठ होती तशी बांधली आणि पॉलिश पेपर घेऊन बाहेर आले. दादाला हे सांगितलेलं नाही. आप्पांना मी कपाट उघडलेलं दिसलं की नाही, मी विचारलेलं नाही. पिशवी दिसली तेव्हा दिवा अजून बंदच होता, आई. तारा सोलायच्या राहिल्या होत्या.